नियम क्रमांक एकतीस

कुताइसीत, औषधाच्या दुकानातल्या रात्रपाळीत,
ग्वान्त्सानं एक बोलका प्रोग्रॅम लिहिला. हौसेनं.
वाक्यात ठरावीक शब्द सापडला की ठरावीक उत्तर,
नाही सापडला तर, "अस्सं. मग?"
एवढ्याशा भांडवलावर माणसं तास तास बोलतात
हे काउंटरमागे उभं राहून तिला आधीच कळलं होतं.

पहिली तक्रार पिक्रियाची.
तिनं लिहिलं, घरातली अराझानी संपली.
अराझानी म्हणजे आंबट साय. पण तिच्या पोटात 'अरा' आहे,
आणि अरा म्हणजे नाही.
"नाही का म्हणता?" प्रोग्रॅमनं विचारलं.
"मी कुठं नाही म्हणाले?"
त्यानं त्यातलंही 'नाही' पकडलं.
अर्धा तास जुंपली दोघांची.
पिक्रिया म्हणाली, हुबेहूब आमचे हे.

ग्वान्त्सानं 'अरा'च्या दोन्ही अंगांना
एकेक मोकळी जागा सोडली.
तर पूर्णविराम चिकटलेला नकार त्याला ओळखू येईना.
तेही निस्तरलं.

मग ओतिया.
ट्रकच्या कारखान्यातून कधीच निवृत्त झालेला,
दर गुरुवारी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतो,
एका बोटानं टाइप करतो.
नोंदीत त्याची ओळ होती:
मामा, जेवलास का
आणि खाली उत्तर: तुमच्या आईबद्दल आणखी सांगा.

मूळ नमुना परभाषेतून उचललेला.
तिथं मामा म्हणजे आई, इथं मामा म्हणजे बाप,
आणि ही कविता ज्या भाषेत आहे तिथं आईचा भाऊ.
दोन अक्षरं, साऱ्या नात्यागोत्यात हिंडून येतात.

तिनं नियम एकतीस बदलला.
स्वतःच 'मामा' लिहून पाहिलं, उत्तर बरोबर आलं,
चहा ठेवला.

पुढच्या गुरुवारची नोंद:
मामा, तिकडं थंडी असेल
— तुमच्या वडिलांबद्दल आणखी सांगा.
मामा, तो कोट पाठवू का
— तुमच्या वडिलांबद्दल आणखी सांगा.
मामा

चहा निवला.
ओतियाच ऐंशीचा. त्याच्या बापाला कोट कुठल्या पत्त्यावर?

मग तिला आठवलं, जे ती कधी विसरलीच नव्हती:
इथं बाप लेकराला त्याच शब्दानं हाक मारतो.
आपण नाही का तीन वर्षांच्या पोराला म्हणत,
खाल्लंस का रे बाबा.
ओतियाचा मुलगा व्रोत्स्वाफला, कुठल्याशा गोदामात.
शब्द एकच. त्याच्या कुठल्या टोकाला कोण उभं आहे
हे व्याकरण सांगत नाही.
कोट आला तर मुलगा समजावा? थंडी आली तर?
पण सकाळीच तिनं स्वतःच्या बापाला फोनवर विचारलं होतं,
मामा, जेवलास का, स्वेटर घातलास का.

पहाटे तिनं नियम एकतीसमध्ये एकच शब्द लिहिला.
जेवलो.
चाचणी घेतली.
मामा, जेवलास का
— जेवलो.
एकही चूक दिसली नाही.
स्क्रीनकडं पाहत ती थोडा वेळ बसली,
आणि खोडला.

रिकामं उत्तर दिलं की प्रोग्रॅम कोसळतो,
म्हणून तिथं एक मोकळी जागा ठेवली. नुसती.

गुरुवारी ओतियानं टाइप केलं, वाट पाहिली,
चष्मा पुसून पुन्हा पाहिली.
"बिघडलंय का हे?"
"दुरुस्ती चालू आहे," ती म्हणाली,
आणि गोळ्यांच्या पट्ट्या मोजता मोजता,
पोलंडला आधी अठ्ठेचाळीस लावायचे ना, असं काहीसं
स्वतःचा फोन हातात घेत विचारलं.

ओतियानं नंबर तोंडपाठ सांगितला.
शेवटचा आकडा दोनदा.